न दिलेला नजराणा

नवविधा भक्तीच्या परंपरागत नामावळीत सख्याचे उदाहरण म्हणून अर्जुनाचे नाव घेतात, आणि ज्याच्या रथाचे लगाम प्रत्यक्ष भगवंताने हाती धरले त्याचा तो अधिकार कोणी नाकारणारही नाही. तथापि महाराष्ट्राच्या कीर्तनरंगात, गुजरातेत प्रेमानंदाच्या आख्यानात आणि केरळात रामपुरत्तु वारियरांच्या नौकागीतात जो लोकांच्या जिव्हाळ्याचा झाला, तो गांडीवधारी पार्थ नव्हे, फाटक्या वस्त्रांतला सुदामा होय.

भागवताच्या दशम स्कंधातील ८० व ८१ या अध्यायांत ही कथा येते. तेथे त्याला केवळ 'कोणी एक ब्राह्मण' म्हटले आहे. सुदामा काय किंवा केरळातील कुचेल काय, ही नावे परंपरेने रूढ केलेली. कृष्णाच्या वाटचे चणे त्याने चोरून खाल्ले म्हणून दारिद्र्य भोगले, ही सर्वतोमुखी झालेली हकीकतही या अध्यायांत नाही. तेथे आहे ती सांदीपनींच्या आश्रमातील एक रात्र: सरपणासाठी रानात गेलेले दोघे शिष्य अवकाळी वादळात सापडतात, पाण्याने खाचखळगे एक होतात, आणि एकमेकांचा हात धरून, मोळ्या वाहत, दिशा न कळता भटकणाऱ्या त्या पोरांना शोधीत गुरू सूर्योदयाला येतात. त्याच ग्रंथाच्या हिशेबाने कृष्णाने अवंतीस ६४ अहोरात्रांत ६४ कला आत्मसात केल्या. म्हणजे ही मैत्री जेमतेम दोनएक महिन्यांच्या सहवासाची! द्वारकाधीशाने ती आयुष्यभर जपावी, यातच सख्याचे मर्म निम्मेअधिक आले.

प्रवचनकार या कथेचे रूपक फार हौसेने उलगडतात. सुदामा जीव, द्वारका हृदय, कांडले गेलेले पोहे म्हणजे तूस निघालेला अहंकार, चार मुठी म्हणजे चार पुरुषार्थ, असा तो एकूण जमाखर्च असतो. आणि पत्नीच्या वाट्याला पुष्कळदा संसारात गुंतवणारी माया येते, हा मात्र मला उघड अन्याय वाटतो. पतीला द्वारकेस धाडणारी तीच, शेजारच्या ब्राह्मणांकडून चार मुठी पोहे मागून आणून चिंधीत बांधणारीही तीच. तो निघाला तो धनाच्या आशेने नव्हे, दर्शन होईल एवढ्याच लोभाने. रिकाम्या हाताने जाऊ नये हा शिष्टाचार तिने सांभाळला.

पुढे तीन पहारे आणि तीन चौक ओलांडून तो अंतःपुरात दाखल होतो. कृष्ण त्याला आपल्या पर्यंकावर बसवितो, पाय धुतो, ते पाणी मस्तकी घेतो. रुक्मिणी चवरी ढाळते. दरबारी रिवाजाप्रमाणे आता नजराणा पुढे यावयाचा. पण त्या वैभवापुढे चिंधीतले पोहे काढण्याची ब्राह्मणाला इतकी लाज वाटते की तो मान खाली घालून गप्प राहतो. माझ्या मते कथेचा सारा अर्थ या संकोचात साठला आहे. सुदामा पोहे अर्पण करीतच नाही. देव 'हे काय?' म्हणून ते हिसकावून घेतो. प्रेमाने दिलेले पानफूलही आपण स्वीकारतो असे देव म्हणतो खरे, पण येथे तो न दिलेलेही घेतो, आणि भक्ताच्या लज्जेचा मुलाहिजा न ठेवणे हाच त्याच्या मित्रत्वाचा हक्क ठरतो. दास म्हणवणाऱ्याशी स्वामी असे वागता ना.

पहिली मूठ त्याने तोंडात टाकली. दुसरीच्या वेळी रुक्मिणीने हात धरला. इहपरलोकींच्या सर्व समृद्धीला एवढे पुरे, असे ती म्हणते. आणि ती साक्षात लक्ष्मी असल्यामुळे हे बोलणे एखाद्या चतुर खजिनदाराचे वाटले, तरी त्यात विनोद कमी आणि हिशेब जास्त आहे.

घेताना इतका उतावीळ झालेला कृष्ण देताना मात्र एक शब्द काढीत नाही. ब्राह्मणाने अर्ज केला नाही, हुजुरांनीही सनद दिली नाही. दुसऱ्या दिवशी निरोप देऊन त्याला मोकळ्या हातांनी परत पाठविले. समोरासमोर दिले असते तर एक दाता आणि दुसरा याचक झाला असता, आणि पर्यंकावर शेजारी बसलेले सख्य तेथेच संपले असते. वाटेने सुदाम्याच्या मनात विषादाचा लवलेशही नाही. निर्धनाला धन मिळाले तर तो उन्मत्त होऊन आपल्याला विसरेल, म्हणूनच त्या करुणाकराने काही दिले नसावे, असा उलट कृतज्ञ तर्क तो करतो.

पोरबंदरला आजही सुदामापुरी म्हणतात. गुरुवायूरला धनु महिन्याच्या पहिल्या बुधवारी कुचेलदिन पाळून भक्त देवापुढे पोहे ठेवतात. सुदामा घरी परतला तेव्हा झोपडीच्या जागी उभ्या राहिलेल्या प्रासादाचे वर्णन कीर्तनांत लांबत जाते. भागवतकारही त्याची रत्ने आणि दुधाच्या फेसासारख्या शय्या सांगतात. पण तो ब्राह्मण त्या वैभवात राहून, पत्नीसह, अनासक्तपणे विषय भोगतो, त्यांचा हळूहळू त्याग करीत जातो, आणि जन्मोजन्मी मागतो ते त्याच मित्राचे सख्य.