वडापावाएवढी बॅटरी आणि सिंहगडचा घाट

एका वडापावात साधारण ३०० किलोकॅलरी असतात. विजेच्या हिशेबात हे झाले ३५० वॉट-तास. घरी जुळवलेल्या इलेक्ट्रिक सायकलला सर्रास लावतात ती ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी. तिच्यात मावतात ३६० वॉट-तास. म्हणजे दोन-अडीच किलोंचा तो महागडा ठोकळा, आणि आतला माल एका वडापावाएवढा!

फरक पडतो तो खर्च करण्याच्या पद्धतीत. आपलं शरीर खाल्लेल्यातला जेमतेम पाचवा हिस्सा पेडलपर्यंत पोचवतं, बाकीचा घामावाटे जातो. बॅटरी-मोटरची जोडी सपाटीवर पाचातले चार हिस्से चाकाला देते. शिवाय उचलायला लागणारी ऊर्जा आपल्याला वाटते त्यापेक्षा फारच थोडी असते. सायकल, स्वार आणि दप्तर मिळून १०० किलो धरा. एक युनिट वीज, म्हणजे १००० वॉट-तास, हे ओझं तब्बल ३,६७० मीटर उंच नेईल. १,६४६ मीटरची दोन कळसुबाई शिखरं एकावर एक ठेवली तरी वर उरेल. एव्हरेस्टच्या ८,८४९ मीटरला लागतील २.४ युनिटं. कुठे काही वाया गेलं नाही आणि युनिटला दहा रुपये पडले, तर चोवीस रुपयांत जगाचा माथा.

मग बॅटरी संपते कशात? वाऱ्यात. ताशी २५ किलोमीटरने सपाट रस्त्यावर जाताना ताठ बसलेल्या स्वाराला हवा कापायला साधारण ११५ वॉट लागतात आणि टायरच्या घर्षणाला ५५. एकूण १७०. वेग दुप्पट केला की हवेचा वाटा दुप्पट होत नाही, चौपटही नाही. तो आठपट होतो. ५० च्या वेगाला एकूण हजार वॉटच्या वर मागणी जाते. तीच ३६० वॉट-तासांची बॅटरी २५ च्या वेगाने चाळीसेक किलोमीटर नेते, ५० च्या वेगाने चौदा. ‘हजार वॉटची मोटर टाक, मस्त पळते’ असं सांगणारे हा दुसरा आकडा सांगत नाहीत. आणि कायद्याच्या दृष्टीने २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा ओलांडली की ती सायकल राहत नाही. तिला नोंदणी, विमा, परवाना असं सगळं लागतं.

२५० वॉट म्हणजे एका अश्वशक्तीचा तिसरा हिस्सा. ऐकायला चिल्लर वाटतं, पण धडधाकट माणूस तासभर नेटाने पेडल मारून शंभरेक वॉट काढतो. म्हणजे दोन-अडीच माणसं सोबतीला घेतल्यासारखंच झालं. सपाटीला ती पुरून उरतात. खरी परीक्षा घाटात.

पुण्यातल्या सायकलवाल्यांचा हक्काचा घाट सिंहगडचा. गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंत सुमारे नऊ किलोमीटर अंतर आणि सुमारे ६०० मीटर चढ. १०० किलो तेवढे वर उचलायला १६३ वॉट-तास लागतात. घर्षण आणि मोटरमधली गळती धरली तरी अडीचशेच्या आसपास काम व्हावं. म्हणजे कागदावर आपली बॅटरी पेडल न मारताही गडावर पोचते आणि शंभर वॉट-तास शिल्लक राहतात. खाली येताना तसंही काही लागत नाही, ब्रेक तेवढे धड हवेत.

पण हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी, कागद वाचत नाही. तिला गिअर बदलता येत नाही. २५० वॉटची हब मोटर २५ च्या वेगाला रस्त्यावर साधारण ३६ न्यूटनचा जोर लावते आणि त्यासाठीच ती गुंडाळलेली असते. सिंहगडच्या सरासरी चढाला लागतो ७४ न्यूटन. जोर दुप्पट म्हणजे करंट दुप्पट. आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ती चौपट. सपाटीवर वेटोळ्यात ४० वॉट उष्णता होत असेल तर घाटात १६०, तीही वेग निम्म्यावर आल्याने वारा कमी लागत असताना आणि पाऊण तास सलग. वाटेत कुठेतरी वार्निशचा जळका वास येतो तो यामुळे. क्रँकपाशी बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर तेवढ्याच २५० वॉटमध्ये मागचं मोठं चक्र वापरते, स्वतः आपल्या सोयीच्या वेगाने फिरते आणि बारा-तेराच्या गतीने वर येते. तिची किंमत जास्त, चेन लवकर झिजते. तरी घाट रोजचा असेल तर मी तीच घ्यायला सांगेन. हबची वॉट वाढवत जाणं हा महागडा हट्ट आहे.

हेच वर्गाचं गणित व्होल्ट निवडतानाही लागू पडतं. ५०० वॉट हवे असतील तर ४८ व्होल्टला १०.४ अँपिअर पुरतात, ३६ ला १४ लागतात, आणि १२ ला जवळपास ४२. म्हणजे त्याच तारेत ४८ च्या सोळापट उष्णता. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन याने १८९५ मध्ये इलेक्ट्रिक सायकलचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याची मोटर १० व्होल्टला १०० अँपिअरपर्यंत करंट ओढणारी होती. ती तार किती जाड लागली असती, याचा अंदाज करा.

आता बॅटरीचं झाकण उघडू. आत १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, पन्नास ग्रॅमच्याही आतले चाळीस सेल. चार-चार समांतर, असे दहा गट एकापुढे एक. निकेलच्या पातळ पट्ट्यांनी जोडलेले. दहातला एक गट अशक्त निघाला की बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणारी यंत्रणा, सगळ्यांनाच थांबवते, बाकीचे नऊ भरलेले असले तरी. जुन्या लॅपटॉपचे सेल गोळा करून केलेले पॅक इथेच मार खातात, म्हणून तो स्वस्ताईचा मार्ग मला पटत नाही.

आणि शेवटचा आकडा भीतीचा. पूर्ण चार्ज झाल्यावर हा पॅक ४२ व्होल्टवर असतो आणि त्याचा अंतर्गत रोध असतो ०.१ ओहमच्या आसपास. पाना घसरून दोन टोकं जुळली तर क्षणभर ४०० अँपिअरच्या वर करंट वाहू शकतो. म्हणजे १७ किलोवॉट, आपल्या मोटरच्या सत्तरपट. बीएमएस वेळेत तोडेल यावर विसंबू नका, आणि पाना तिच्या अलीकडेच लागला तर तिला कळणारही नाही. अंगठी आणि कडं काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, आणि बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून डीसीसाठीचा २५ अँपिअरचा फ्यूज बसवा. मोटर नंतर निवडली तरी चालेल.