रुपया, टेल आणि वऱ्हाडापलीकडचा कापूस

हिंगणघाटच्या बाजारातील कापसाचा भाव विनिमयदराबरोबर, म्हणजे एका चलनाच्या बदल्यात दुसरे किती मिळते त्यानुसार, का हलतो, हे एकोणिसाव्या शतकातील रुपया आणि चिनी ‘टेल’ यांच्यावरून कळते. एक तोळा वजनाच्या रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी असे आणि टेल हे चांदीचेच वजन होते. त्यामुळे चांदी स्वस्त झाली, तरी दोहोंचे प्रमाण फारसे ढळत नसे. मात्र १८९३ मध्ये सरकारने लोकांच्या चांदीची नाणी पाडून देणे बंद केल्यावर रुपया चांदीहून महाग झाला, टेलमागे कमी रुपये मिळू लागले आणि चीनला जाणारे मुंबईचे सूत तेथे महागले. सुताला मागणी असली तरच कापसाला उठाव मिळतो. म्हणून चलनाचा दर हा शेतकऱ्याचाही विषय आहे.