आयएसएसएन आहे, मग जर्नल खोटे कसे?

एमएस्सी नर्सिंगचा प्रबंध बाइंडिंग होऊन आलेलाही नसतो, तोच मेल येऊन थडकतो: ‘आदरणीय प्राध्यापक, आपले संशोधन आमच्या आंतरराष्ट्रीय जर्नलला द्या, आठवड्यात छापू.’ विद्यार्थिनीला परस्पर प्राध्यापक करून टाकणाऱ्या या जर्नल्सना ‘भक्षक’ हे विशेषण चिकटवले ते कोलोरॅडो विद्यापीठातले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी, २०१०च्या सुमारास. पैसे घ्यायचे, तज्ज्ञांनी तपासल्याचा देखावा करायचा आणि येईल ते छापायचे, असा हा धंदा. २०१६ साली मॅरिलिन ओअरमन आणि सहकाऱ्यांनी मोजदाद केली, तेव्हा एकट्या नर्सिंगमध्येच अशी १४० जर्नल्स निघाली.

‘तिथे छापलेले वाचतो कोण? बुडाले तर लेखिकेचेच पैसे बुडाले,’ असे सर्रास म्हटले जाते. यात निम्मे खरे आहे. अशा जर्नल्समधल्या २५० लेखांच्या एका पाहणीत ५६ टक्के लेखांचा पुढच्या पाच वर्षांत कोणी एकदाही संदर्भ दिलेला नव्हता. घोळ आहे तो उरलेल्या लेखांचा. ओअरमन यांच्याच गटाने २०१९ मध्ये सात भक्षक नर्सिंग जर्नल्स घेतली आणि त्यांतल्या लेखांचे संदर्भ कुठे दिले गेले ते शोधले. ८००हून अधिक सापडले, आणि त्यांतले कित्येक चांगल्या, नावाजलेल्या जर्नल्समधून. न तपासलेला दावा एकदा प्रतिष्ठित लेखाच्या संदर्भसूचीत जाऊन बसला, की पुढचा वाचक मूळ ठिकाण पाहायच्या फंदात पडत नाही. नर्सिंगमध्ये हे फार जवळचे आहे: अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमा कशा टाळाव्यात, कॅथेटरची काळजी कशी घ्यावी, याचे वॉर्डातले नियम प्रसिद्ध झालेल्या लेखांची बेरीज करूनच ठरतात.

मग भक्षक जर्नल्समधला सगळा मजकूर टाकाऊ का? तेही नाही. २०१८ साली तपासलेल्या ३५८ लेखांपैकी जवळपास निम्मे निकृष्ट ठरले, बाकीचे बहुतेक मध्यम. म्हणजे प्रामाणिक कामही तिथे जाऊन अडकते. डेव्हिड मोहर यांच्या गटाने २०१७ मध्ये संशयास्पद जर्नल्समधले १,९०७ जैववैद्यकीय लेख पाहिले. त्यांत २० लाखांहून अधिक माणसांची माहिती वापरलेली होती. संमतिपत्रावर सही करणाऱ्या रुग्णाला आपली माहिती कुठे जाणार हे कोण सांगते?

‘हा गरीब देशांचा रोग आहे’ हेही त्याच अभ्यासाने खोडून काढले. निम्म्याहून अधिक लेख श्रीमंत आणि उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. अर्थात यावरून आपण हात झटकावेत असे नाही: २७ टक्के लेखांसह यादीत पहिला भारत होता, १५ टक्क्यांसह दुसरी अमेरिका.

फी घेते म्हणून जर्नल बोगस ठरत नाही. ‘बीएमसी नर्सिंग’ लेखकांकडून शुल्क घेते आणि लेख तपासूनही घेते. उलट बाजूला आयएसएसएनचा आधार पोकळ आहे. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळखक्रमांक, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. चालवणाऱ्याला गाडी येते की नाही, हे त्यावरून कळत नाही. ‘पबमेडवर सापडते’ हा दाखलाही तसाच: वैद्यकीय लेख शोधायच्या या संकेतस्थळावर दिसणारे सगळेच मेडलाइन या निवडक सूचीच्या चाळणीतून आलेले नसते.

आणि ‘यूजीसीच्या यादीत आहे’ हा आपला लाडका दाखला! २०१८ साली पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने त्या यादीत आलेली जर्नल्स नमुना घेऊन तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नावे काढली, २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. आता निवड संस्थेने आणि लेखिकेनेच करायची. नर्सिंगपुरती सोय अशी की नर्सिंग संपादकांची ‘इनेन’ ही आंतरराष्ट्रीय संघटना पारखलेल्या जर्नल्सची सूची ठेवते.

‘चूक कळली तर लेख मागे घेऊ’ या भरवशावर मात्र राहू नये. हैदराबादच्या ओमिक्स समूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा लावला, त्यात हीच एक तक्रार होती: फी आधी लपवायची आणि लेखकाने लेख परत मागितला तर सोडायचा नाही. २०१९ मध्ये न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायचा आदेश दिला. पण एकदा असा छापला गेलेला लेख दुसरे चांगले जर्नल घेत नाही. त्याच्या लेखी तो आधीच प्रसिद्ध झालेला असतो.