गार इमारतीतली तापलेली गल्ली

बँकांचे व्यवहार आणि रोजचे संदेश ज्या सर्व्हरांवरून फिरतात, ते सर्व्हर ठेवण्याच्या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात, आणि मुंबई-नवी मुंबई हा पट्टा आज देशातील अशा केंद्रांचे सर्वांत मोठे आगर आहे. ही केंद्रे थंडगार असतात, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. सर्व्हरांच्या उंच कपाटांत, म्हणजे रॅकमध्ये, समोरच्या गल्लीतून गार हवा ओढली जाते आणि यंत्रांची उष्णता घेऊन ती मागच्या गल्लीत सोडली जाते. या मागच्या गल्लीला ‘हॉट आइल’ म्हणतात. तेथे ४० अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमान बिघाड मानले जात नाही, कारण मूळ रचनाच तशी असते. केबलजोडणीसारखी अनेक कामे मात्र रॅकच्या पाठीमागूनच करावी लागत असल्याने तंत्रज्ञाला नेमके तेथेच उभे राहावे लागते.

भोवतालची हवा त्वचेहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून, अधिक तापली की ती शरीरालाच उष्णता देऊ लागते आणि घामाचे बाष्पीभवन एवढाच निचरा उरतो. या गल्लीतील हवा कोरडी असल्याने घाम तत्काळ वाळतो, ही सोय खरी; पण अंगावरचे कपडे भिजत नसल्यामुळे किती पाणी गेले हे कळतही नाही. म्हणून तहानेवर विसंबून न राहता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे लागते, आणि सर्व्हर-कक्षात पाणी नेण्यास सहसा मनाई असल्याने बाहेर येण्याची वेळ कामाच्या वेळापत्रकातच लिहिलेली असली पाहिजे.

धोका मोजण्यासाठी ओल्या वातीच्या तापमापकाचा आकडा ७० टक्के आणि काळ्या पोकळ गोळ्यातील तापमापकाचा ३० टक्के धरून एक निर्देशांक काढतात. पहिला २२ आणि दुसरा ४० अंश असल्यास तो २७.४ येतो. मध्यम श्रमाच्या सलग कामासाठी अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेची मर्यादा उष्णतेला सरावलेल्या माणसाकरिता २८, तर न सरावलेल्याकरिता २५ आहे. आणि सराव होण्यास रोजच्या उष्णतेत एक-दोन आठवडे जावे लागत असल्याने, उरलेला दिवस वातानुकूलित कक्षात काढणारा तंत्रज्ञ बहुधा कायमच नवखा राहतो. त्याच्यासाठी २५ हाच आकडा धरणे न्याय्य होय.

कायद्याचा आधार येथे तोकडा पडला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १३ ने कामगाराला सुसह्य वाटेल असे तापमान राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली, परंतु उत्पादनप्रक्रिया नसताना केवळ संगणक बसवल्याने जागा कारखाना ठरत नाही, असे स्पष्टीकरण त्याच अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने आले. हा खुलासा यंत्रांमागील तापलेल्या गल्लीचा विचार करून केलेला दिसत नाही.

दुरुस्तीपुरता काही सर्व्हरांचा भार दुसरीकडे वळवणे, जोडण्या समोरून करता येतील अशी उपकरणे निवडणे, हे उपाय यंत्रांच्या बाजूचे. माणसांच्या बाजूने पाहता तेथे कोणालाही एकट्याने पाठवू नये, कारण उष्माघातात बुद्धी आधी गोंधळते आणि असंबद्ध बोलणे सोबत्याच्याच प्रथम लक्षात येते; त्यानेच मग बाधिताला बाहेर आणून, अंगावर पाणी ओतत रुग्णवाहिका बोलवायची असते.