पॅकेटच्या पोटात (भाग ७) : दोन चुका मिळून एक पास

मागच्या भागात आपण सर्व्हरचं सॉकेट पोर्टला जोडलं. आज त्या पोर्टच्या आकड्याचीच झडती घेऊ.

पोर्टचा आकडा दोन बाइटांत मावतो. ८० हा आकडा षोडशमान पद्धतीत ००५० असा लिहितात : वरचा बाइट ००, खालचा ५०. टीसीपी-आयपीच्या नियमानुसार वायरवर वरचा बाइट आधी जातो. हा बिग-एंडियन क्रम. इंटेल-एएमडीचे नेहमीचे प्रोसेसर मात्र मेमरीत खालचा बाइट आधी ठेवतात, तो लिटल-एंडियन. म्हणून सी भाषेत पोर्ट भरताना ‘एचटीओएनएस’ हे फंक्शन लावायचं असतं. ते राहून गेलं तर ००५० चं ५००० होतं आणि ८० वर बसायचा सर्व्हर २०४८० वर जाऊन बसतो. कंपायलर चकार शब्द काढत नाही.

खरी मेख पुढेच आहे. टेस्टसाठी क्लायंटही आपणच लिहितो आणि त्यातही तेच फंक्शन राहून जातं. मग क्लायंटही २०४८० वरच जातो, दोघांची गाठ पडते आणि टेस्ट पास! चेकसमचाही इथे उपयोग नाही. पाठवणारा तो उलट्या बाइटांवरच काढतो, त्यामुळे तो बरोबर जुळतो. वाटेत बाइट बिघडले नाहीत, एवढीच ग्वाही त्यातून मिळते. दुसऱ्या कुणाचा क्लायंट ८० वर आला आणि त्याला नकार मिळाला, की मग बिंग फुटतं.

स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासला तर पैकीच्या पैकी मिळणारच. म्हणून टेस्टमध्ये अपेक्षित बाइट प्रोटोकॉलच्या दस्तऐवजावरून हाताने लिहावेत आणि आपल्या कोडने तयार केलेले बाइट त्यांच्याशी एकेक करून ताडून पाहावेत. आकडाही विचारपूर्वक निवडावा. ०, २५७ किंवा ६५५३५ घेतले तर बाइट उलटूनही आकडा तोच राहतो आणि चूक झाकली जाते. ४६६० घ्या : षोडशमानात १२३४. उलटला की ३४१२, म्हणजे १३३३०. चूक लगेच उघडी पडते.

एवढ्यावर भागत नाही. बिग-एंडियन मशीनवर ‘एचटीओएनएस’ काहीच बदलत नाही, त्यामुळे ते विसरल्याची चूक तिथे दिसतच नाही. याउलट, कुणी हाताने बाइटांची सरसकट अदलाबदल केली असेल, तर ते कोड लॅपटॉपवर सुरळीत चालतं आणि बिग-एंडियनवर आपटतं. तेव्हा दोन्हीकडे चालवून पाहायला हवं. त्यासाठी आयबीएमचं मेनफ्रेम विकत घ्यायची गरज नाही. क्यूईएमयू हा मोफत एम्युलेटर एस३९०एक्ससाठी, म्हणजे त्याच बिग-एंडियन मेनफ्रेमसाठी, बांधलेला प्रोग्रॅम साध्या लिनक्स लॅपटॉपवर चालवतो. वेग कमी पडतो, पण टेस्टपुरता पुरतो.

वाचताना तर मशीनच्या क्रमाची फिकीरच नको. पॅकेटमधला पहिला बाइट घ्या, त्याला २५६ ने गुणा, दुसरा मिळवा. हे गणित दोन्ही मशीनवर एकच उत्तर देतं. दोन्ही बाइट मात्र बिनचिन्ह प्रकाराचे हवेत, नाहीतर १२७ च्या वरचे बाइट ऋण होऊन हिशेब बिघडवू शकतात.

पुढच्या भागात चार बाइटांचा आयपी पत्ता. तोवर १२७.०.०.१ उलटवून पाहा आणि निघालेला पत्ता अजून तुमच्याच मशीनचा आहे का, ते तपासा.