सुईने उकलणारी गाठ

लहान मुलाच्या मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ सापडली, तर साधारण दहापैकी नऊ वेळा ती ‘विल्म्स ट्यूमर’ असते. माक्स विल्म्स या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९९ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला, म्हणून हे नाव. आज प्रगत देशांत विल्म्स झालेली जवळपास ९० टक्के मुलं बरी होतात. प्रश्न असतो तो उरलेल्या, विल्म्स नसलेल्या दहाव्या गाठीचा; ती ओळखायला उपचारांआधी सुईने तुकडा घ्यायचा का, याचा.

उत्तर अमेरिकेत शक्यतो आधी मूत्रपिंड काढतात. तिथे त्याआधी सुई टोचली, तर पेशी सांडल्या असतील असं मानून आजार तिसऱ्या टप्प्यात धरतात आणि उपचार वाढवतात. युरोपात बहुतेक ठिकाणी स्कॅनवर विसंबून आधी केमोथेरपी देतात. ब्रिटनने मात्र केमोथेरपीआधी सुईने तुकडा घेण्याची पद्धत रुजवली. तिथल्या एका मोठ्या चाचणीत, विल्म्स समजून तपासलेल्या गाठींपैकी सुमारे १२ टक्के वेगळ्याच निघाल्या!

तुकडा घेताना मुलाला भूल देतात. सोनोग्राफीत पाहत पाठीच्या बाजूने सुई घालतात, म्हणजे पोटाच्या पोकळीत पेशी सांडण्याची भीती कमी. बाहेरची नळी जागेवर ठेवून, एकाच छिद्रातून शेवयांसारखे बारीक तुकडे काढतात.

त्या तुकड्यांतून काय कळतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे ऱ्हॅब्डॉइड ट्यूमर. हा बहुतेकदा दोन वर्षांखालच्या बाळांना होतो आणि फार आक्रमक असतो. त्याच्या पेशींत ‘आयएनआय-१’ हे प्रथिन नसतं. खास रंग दिला की शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींची केंद्रकं तपकिरी होतात, गाठीची मात्र कोरी राहतात. त्यावरून उपचारांची दिशाच बदलते.

पण सुईलाही मर्यादा आहेत. विल्म्सचं घातक रूप, अ‍ॅनाप्लासिया, गाठीच्या एखाद्याच कोपऱ्यात असू शकतं आणि तुकड्यातून निसटू शकतं. तुकड्यात दिसलं नाही म्हणजे गाठीत नाहीच, असं कोणी समजू नये. म्हणून मला सरसकट सुई टोचणं पटत नाही. मूल सात वर्षांहून मोठं असेल, रक्तात कॅल्शियम वाढलेलं असेल किंवा स्कॅन नेहमीसारखा नसेल, तिथे मात्र ती टाळू नये.

बाळाला तेल लावताना, आंघोळ घालताना पोटात गोळा लागला, तर तो चोळू नका, दाबून पाहू नका. थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्या.