लघवीत रक्त दिसलं? अंगावर काढू नका

आज आपण लघवीबद्दल बोलणार आहोत. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लघवी लाल झाली की आपण म्हणतो, उन्हाळी लागली असेल, नाहीतर पाळीचं असेल. धन्याचं पाणी पितो. दोन दिवसांत लघवी साफ झाली की विसरून जातो. इथंच आपण चुकतो. न दुखता रक्त जाणं हे लघवीच्या मार्गातल्या गाठीचं लक्षण असू शकतं. रक्त थांबलं म्हणजे कारण गेलं, असं नाही.

मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी म्हणजे मूत्रवाहिनी. ती साधारण 25 ते 30 सेंटिमीटर लांब, पण आतून जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद. तिच्या आत बघायचं तर भूल देऊन बारीक दुर्बीण घालावी लागते. मोठ्या दवाखान्यांत आता सीटी स्कॅनवरूनही आतलं चित्र तयार करता येतं. त्याला आभासी दुर्बीण म्हणू या.

हे कसं होतं? हाताच्या शिरेतून एक औषध देतात. मूत्रपिंडं ते गाळतात आणि साधारण दहा मिनिटांत ते लघवीबरोबर नळ्यांमध्ये उतरतं. तेव्हा यंत्र पोटाची पातळ पातळ थरांत चित्रं घेतं. भाकरीची चवड रचावी तशी संगणक ती एकावर एक रचतो. मग पडद्यावर नळीच्या आतून फिरल्यासारखं दिसतं. नळी कुठे अरुंद झाली, कुठे उंचवटा आहे, ते डॉक्टरांना कळतं.

पण यालाही मर्यादा आहे. आतल्या अस्तराचा खरा रंग दिसत नाही, अगदी लहान किंवा चपटी गाठ निसटू शकते आणि तपासायला तुकडा काढता येत नाही. म्हणून स्कॅननंतरही डॉक्टरांनी खरी दुर्बीण सांगितली, तर उगाच खर्चात पाडतात असं समजू नका. कारण विचारा.

स्कॅनआधी या गोष्टी आठवणीनं सांगा: पाळी चुकली आहे का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, पूर्वी अशा इंजेक्शननं त्रास झाला होता का, मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका.

ही तपासणी प्रत्येकीला लागत नाही. सुरुवात साध्या लघवीच्या तपासणीनं आणि सोनोग्राफीनं होते. पण ती सुरुवात आपणच करायची आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. कुणीतरी गप्प बसून सोसत असेल, तर तिच्यासोबत दवाखान्यात जा.